वीज क्षेत्रातील शिकाऊ उमेदवारी व उद्योगभागीदारी

वीजनिर्मिती, पारेषण, वितरण, तसेच सौरऊर्जा आणि पाणीपुरवठा यांसारख्या सेवांना लागणारे कुशल कामगार प्रशिक्षणसंस्था व कंपन्यांनी मिळून घडवण्याची व्यवस्था. भारतात तिचा पाया शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे ही भागीदारी मुळात कायद्याने लादलेली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती वर्षाचा कोटा भरण्यापुरतीच पाळली जाते.

वीज वितरणात तिची गरज सर्वांत जास्त भासते. आयटीआयमधील वीजतंत्री व तारतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. कार्यशाळेत वायरिंग, मोटारीचे वाइंडिंग, स्टार्टरच्या जोडण्या, अर्थिंग हे सारे नीट शिकवता येते. ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, वाहिनी मात्र कार्यशाळेत आणता येत नाही. वाहिनीवर काम करायचे तर आधी उपकेंद्रातून परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यायचे, एबी स्विच (वाहिनी तोडणारा खांबावरचा स्विच) उघडायचा, तिन्ही फेजची पाती खरोखर सुटली आहेत का हे डोळ्यांनी पाहायचे, तार मृत असल्याची चाचणी करायची, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडायची आणि मगच खांबाला हात लावायचा. एकाच खांबावरून दोन वाहिन्या जात असतील तर एक बंद करून भागत नाही. कुणी जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडला असेल तर बंद तारेतही उलटा प्रवाह येतो. हा क्रम परीक्षेत सगळेच बरोबर लिहितात. भर पावसात, अंधारात, गावातून फोनवर फोन येत असताना त्यातली एकही पायरी न गाळणे ही सवय जुन्या लाइनमनच्या हाताखालीच लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही, म्हणून, चालन व देखभालीच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण सक्तीचे केलेले आहे. ४ मार्च हा दिवस देशभर ‘लाइनमन दिवस’ म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रात राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या झाल्या. महावितरणमध्ये तांत्रिक कामगाराचा प्रवेश ‘विद्युत सहायक’ या पदावरून होतो. दहावी उत्तीर्ण आणि वीजतंत्री किंवा तारतंत्री प्रमाणपत्र ही पात्रता. तीन वर्षे कंत्राटी पद्धतीने ठरावीक मानधन, त्यानंतर समाधानकारक कामाच्या अटीवर तंत्रज्ञ म्हणून नियमित नेमणूक. ५,३४७ पदांच्या २०२३ च्या जाहिरातीत हे मानधन पहिल्या वर्षी दरमहा १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये होते. यातल्या अनेकांनी त्याआधी शिकाऊ उमेदवारीही केलेली असते. त्यामुळे खरी उमेदवारी कोणती, कायद्यातली की कंत्राटातली, असा प्रश्न पडतो. कामाच्या दृष्टीने पाहिले तर दुसरीच. महिलाही आता या पदांवर येतात आणि खांबावर चढून दुरुस्ती करतात. बाह्यस्रोत कर्मचाऱ्यांची स्थिती मात्र वेगळी. तेच काम, तीच जोखीम, पण नेमणूक ठेकेदाराची. त्यांना कोणी शिकवायचे हे कंपनी आणि ठेकेदार एकमेकांवर ढकलत राहतात.

निर्मिती केंद्रांत शिस्तबद्ध प्रशिक्षण तुलनेने आधी सुरू झाले. औष्णिक केंद्रांतील कर्मचाऱ्यांसाठी तमिळनाडूतील नेवेली येथे १९६५ मध्ये संस्था निघाली, पुढे नागपूरलाही झाली. आज या संस्था राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचा भाग आहेत. महानिर्मितीचे प्रशिक्षण केंद्र कोराडीला आहे. प्रकल्पात जमिनी गेलेल्यांच्या मुलांना प्रगत कुशल प्रशिक्षणार्थी म्हणून घेण्याची तिची योजना हा या साऱ्यातला एक वेगळा धागा : तिथे प्रशिक्षण हे अंशतः मोबदल्यासारखे असते. खासगी क्षेत्रात टाटा पॉवरने २०१५ मध्ये स्वतःची कौशल्य विकास संस्था काढली; कल्याणजवळच्या शहाडचे केंद्र तिच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी आहे.

उद्योगांना थेट आयटीआयच्या कारभारात आणण्याचा मोठा प्रयत्न २००७-०८ पासून झाला. देशातील १,३९६ सरकारी आयटीआयमध्ये उद्योगप्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समित्या (इंग्रजी लघुरूप आयएमसी) नेमल्या गेल्या. प्रत्येकीला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. परतफेड दहा वर्षांनंतर, वीस वार्षिक हप्त्यांत. वीस टक्के जागा भरण्याचा अधिकारही समितीला होता, आणि महाराष्ट्रातील पालकांना ही योजना आजही बहुधा ‘आयएमसी कोटा’ म्हणूनच माहीत असते. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ६०,००० कोटींच्या पीएम-सेतू योजनेत एक हजार आयटीआयच्या श्रेणीवाढीसाठी उद्योगांचा वाटा १०,००० कोटींचा धरला आहे.

सौरऊर्जेत मात्र गणित बदलते. राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेमार्फत २०१५-१६ पासून राबवलेला ‘सूर्यमित्र’ हा ६०० तासांचा निवासी, मोफत अभ्यासक्रम. २०१९-२० पर्यंत ५०,००० तंत्रज्ञ तयार करण्याचे लक्ष्य होते. याच काळात, २०१५ मध्ये, हरित रोजगारांसाठीची कौशल्य परिषदही स्थापन झाली. अभ्यासक्रम आखणे, प्रमाणपत्रे देणे हे तिचे काम. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेने एक कोटी घरांच्या छतांवर पॅनेल बसवण्याचे लक्ष्य ठेवल्यावर अशा तंत्रज्ञांची मागणी वाढणे साहजिक होते. पण छतावर पॅनेल बसवणारी फर्म सहसा पाच-दहा माणसांची असते. ती शिकाऊ उमेदवारीच्या सक्तीबाहेर राहते, अनुदानाच्या लाटेप्रमाणे माणसे घेते आणि सोडते. जिथे नव्या हातांची सर्वाधिक गरज आहे, तिथे कायद्याला भागीदारच सापडत नाही. उंचीवर काम करण्याची सुरक्षा, पॅनेलकडच्या डीसी (एकदिश प्रवाहाच्या) बाजूचे फ्यूज, अर्थिंग या गोष्टी मग पहिल्या-दुसऱ्या साइटवर जमेल तशा शिकल्या जातात.

पाणीपुरवठ्यात ही व्यवस्था अजून विरळ आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिक येथील ‘मित्रा’ ही प्रबोधिनी या क्षेत्रातील अभियंते व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. जलजीवन मिशनमधील ‘नल जल मित्र’ कार्यक्रमात गावातल्याच व्यक्तीला नळजोडणी, पंप व वीजजोडणीची किरकोळ दुरुस्ती अशी अनेक कामे एकत्र शिकवली जातात. येथे शिकलेल्याला कामावर ठेवणारी कंपनी नसते, ग्रामपंचायत असते, आणि तिची ऐपत बरीचशी पाणीपट्टीच्या वसुलीवर ठरते.