पार्किन्सनच्या संशोधनासाठी मेंदूदान: विदर्भातल्या खेड्यातून काय जमतं, कागद कोणते लागतात

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, गोळ्या आणायला दर महिन्याला यवतमाळला जाणाऱ्या एका काकांनी विचारलं, "डोये देता येते, तसा मेंदू देता येते का जी? ह्या हातानं लय सतावलं, कोनी उघडून त पाहिन." देता येतो. फॉर्म भरणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. अडतं ते वेळेपाशी आणि घरच्यांपाशी.

पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि उरलेल्या पेशींत प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. त्यांना लेवी बॉडी म्हणतात. नेहमीच्या एमआरआयमध्ये त्या दिसत नाहीत. पक्कं निदानही मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. म्हणून संशोधकांना खरी ऊती लागते. आजार नसलेल्या माणसाचा मेंदूही तुलनेसाठी तितकाच लागतो, त्यामुळे "मला तर काही झालं नाही" म्हणून मागे राहू नका.

दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपून ठेवणारी जागा म्हणजे ब्रेन बँक. देशातली जुनी, नावाजलेली ब्रेन बँक बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत, न्यूरोपॅथॉलॉजी विभागात आहे. ती १९९५ साली सुरू झाली. नोंदणीचा फॉर्म आणि आजच्या अटी तिथूनच विचारून घ्याव्यात. दात्याला पैसे मिळत नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूने छेद घेऊन मेंदू काढतात, चेहरा विद्रूप होत नाही आणि देह घरच्यांना परत मिळतो. माती किंवा अग्नी, जो रिवाज असेल तो करता येतो. आपल्याकडे पहिली शंका हीच असते, म्हणून आधी सांगितलं.

आता अवघड भाग. मृत्यूनंतर ऊती झपाट्याने बिघडते. जगभरातल्या ब्रेन बँका साधारण २४ ते ४८ तासांची मर्यादा सांगतात, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. नागपूर ते बंगळूर रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर. विमानाने देह न्यायचा तर आधी रसायन भरून घ्यावं लागतं, म्हणजे ताज्या ऊतीचा उपयोग गेला. सरळ सांगायचं तर, घाटंजीच्या किंवा एटापल्लीच्या घरात मृत्यू झाला तर बंगळूरची नोंदणी बहुधा कागदावरच राहील. मुलगा-मुलगी तिकडे नोकरीला आहेत आणि उपचारासाठी तिथेच मुक्काम आहे, अशांना मात्र ती खरोखर उपयोगी.

बाकीच्यांसाठी जवळचा रस्ता देहदानाचा. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्राम आणि सावंगीची आहेत. तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात जायचं. तो देह मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरतात, पार्किन्सनच्या संशोधनासाठी नाही. हा फरक लपवून कोणी सह्या घेत असेल तर थांबा. नेत्रदान वेगळं आहे, ते दोन्हींसोबत होऊ शकतं, पण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात.

कागद फार नाहीत. भरलेला संकल्पपत्राचा फॉर्म, आधारची प्रत, फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांत एक तरी जवळचा नातेवाईक असू द्या. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, बँकेत सही जुळत नाही, हा अनुभव अनेकांना आहे. सही जमत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा चालेल का, ते आधी विचारा. आणि उशीर करू नका. आजार जुना झाल्यावर काहींची स्मृती कमी होते, मग संमती खरंच त्यांचीच का, हा प्रश्न उभा राहतो. न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठ्या, लेव्होडोपाचा (पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा) डोस कधी किती होता ते, एमआरआयचा रिपोर्ट, हे सगळं एका पिशवीत घालून रेशन कार्डासोबत ठेवा. आजाराचा इतिहास सोबत नसेल तर ऊतीची किंमत निम्मी होते, असं मी तरी समजतो.

संकल्प कधीही मागे घेता येतो. आणि तुम्ही सही केली असली तरी शेवटी घरचे "नाही" म्हणाले तर दान होत नाही. म्हणून फॉर्मआधी सुनेशी, मुलाशी, भावकीतल्या एका बोलक्या माणसाशी बोला. मौत झाल्यावर ओसरीत बसून हा विषय कोणी काढत नाही.

घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४-अ, घ्यावं लागतं. दवाखान्यात झाला तर नमुना ४. पोलीस केस असेल तर आधी शवविच्छेदन, आणि त्यानंतर महाविद्यालयं सहसा देह घेत नाहीत. एचआयव्ही किंवा कावीळ-बीसारखा संसर्ग असेल तरी नकार मिळू शकतो. १०८ची गाडी मृतदेह नेत नाही, शववाहिकेचा नंबर आधीच शोधून ठेवा. रात्री विभागात फोन कोण उचलतं, तेही नोंदणी करतानाच विचारून घ्या. दान झालं तरी मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायचीच असते. महाविद्यालयाने दिलेली पावती त्या वेळी सोबत न्या.