सॉस फुटतो तो कुठे? कॅरिबियन सीफूड पास्त्यामागचं रसायन

नारळाचा रस (म्हणजे नारळाचं दूध) आणि क्रीम घालून केलेल्या कॅरिबियन पद्धतीच्या सीफूड पास्त्यात बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी होतो. पास्ता बेताचा शिजलेला असतो, सुंगटं (कोळंबी) ताजी असतात, मसालाही जमलेला असतो, आणि तरी ताटात उतरतं ते वर तेलाचे डोळे आणि खाली कणीदार पाणी. काल्दीन हे नारळाच्या रसातलं कालवण असो की मणगणं ही चणाडाळीची खीर, पातळ रस आधी आणि दाट रस शेवटी, मग आच मंद, हे गोव्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघराला सांगावं लागत नाही. पास्ता करायला घेतला की मात्र तेच हात क्रीम ओतून गॅस मोठा करतात.

नारळाचा रस म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि रस पांढरा, दाट दिसतो. तापमान साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ही प्रथिनं उलगडतात, एकमेकांना चिकटतात, आवरणं विस्कटतात आणि तेल वर येतं. आमटी-कालवणात तेल सुटणं ही कित्येकदा पदार्थ शिजल्याची खूण असते. इथे तीच खूण नापासाची, कारण सुटं तेल पास्त्याला धरून राहत नाही, घसरून ताटाच्या तळाशी जातं.

क्रीमचं दुखणं वेगळं. त्यातलं केसीन हे प्रथिन उष्णता बऱ्यापैकी सोसतं, पण आंबट सोसत नाही. थंड दुधात पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की केसीन गोठतं. गरम असेल तर त्याहून कमी आंबटपणाही पुरतो. म्हणजे एकाच कढईत दोन नाजूक पदार्थ आहेत. एकाला उकळी चालत नाही, दुसऱ्याला लिंबू. उलट क्रीममध्ये चरबी जितकी जास्त तितकं ते फुटायला अवघड, कारण केसीनचं प्रमाण कमी असतं. दुकानात सहज मिळणारं फ्रेश क्रीम २५ टक्के चरबीचं असतं. ३५ टक्क्यांचं, साखर न घातलेलं डेअरी व्हिपिंग क्रीम मिळालं तर काम बरंच सोपं होतं. वनस्पती तेलापासून केलेलं गोड व्हिपिंग क्रीम या कामाचं नाही, डबा वाचून घ्यावा.

चीजच्या बाबतीत थोडं अनपेक्षित वाटेल असं सांगायला हवं. महागडं किसलेलं पार्मेजान चवीला वरचढ असलं तरी फार गरम सॉसमध्ये त्याच्या गुठळ्या होतात. साधं क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज गुठळ्या धरत नाही, कारण त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात. हे क्षार केसीनला बांधून ठेवणारं कॅल्शियम काढून घेतात, केसीन मोकळं होतं आणि तेलाच्या थेंबांना वेढून बसतं. चार जणांच्या सॉसमध्ये एक क्यूब किसून घातला तर तो चवीपेक्षा सॉस एकजीव ठेवण्याचं काम जास्त करतो. इटालियन माणूस नाक मुरडेल, पण हा पदार्थ मुळात जमैकन वळणाचा आहे.

तिकडे याला रास्ता पास्ता म्हणतात. जर्क हा मांस-मासळीला चोळायचा जमैकन तिखट मसाला, क्रीम आणि लाल, पिवळी, हिरवी ढोबळी मिरची ही त्याची ओळख. कागदावर परका वाटला तरी यातला माल गोव्याच्या ओळखीचा आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळात ती इथे रुजली. नारळ उलट दिशेने गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात अटलांटिक आणि कॅरिबियन किनाऱ्यावरचे माड हिंदी महासागरातल्या माडांच्या कुळातले निघाले. पोर्तुगीज जहाजांनीच ते तिकडे नेले.

जर्क मसाल्याचा कणा ऑलस्पाइस. मिऱ्यापेक्षा थोडे मोठे, तपकिरी दाणे. त्यांचा मुख्य सुगंधी घटक युजेनॉल, म्हणजे लवंगेतलाच. दाणे मिळाले नाहीत तर नुसती लवंग घालून भागवू नये, कारण लवंगेत युजेनॉल इतकं असतं की जीभ बधिर होते. दोन भाग दालचिनी, एक भाग जायफळ, एक भाग लवंग अशी पूड जवळपास पोचते. कोकणातल्या रोपवाटिकांत ऑलस्पाइसचं झाड मिळतं. परसात असेल तर त्याचं एक पान रसात सोडून नंतर काढून टाकावं. दुसरा आधार थाइम. त्यातला थायमॉल ओव्यातही असतो, पण ओवा उग्र, त्याने पास्त्याला भज्यांचा वास येतो. त्यापेक्षा कुंडीतला पानओवा घ्या. जाड, लवदार पानांची हीच वनस्पती त्रिनिदादमध्ये मासे-मटणाच्या मसाल्यात थाइम म्हणूनच वापरतात.

चौघांसाठी मसाला असा: ऑलस्पाइसची पूड दीड चमचा, मिरपूड अर्धा चमचा, जायफळ आणि दालचिनी प्रत्येकी पाव चमचा, गूळ एक चमचा, लसणाच्या सहा पाकळ्या, इंचभर आलं, कांद्याच्या पातीच्या तीन काड्या, पानओव्याची चार पानं किंवा सुका थाइम एक चमचा. चमचा म्हणजे इथे ५ मिलिलिटरचा. पाणी न घालता वाटावं. यात लिंबू मुद्दाम नाही. कच्च्या सुंगटांना आंबट लावून ठेवलं तर बाहेरची प्रथिनं आचेवर जाण्याआधीच आवळतात.

मिरचीवर थोडं थांबायला हवं. कॅरिबियनमध्ये वापरतात ती स्कॉच बॉनेट, एक लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक) तिखटाची, पण जर्दाळूसारख्या फळाचा वास असलेली. काणकोणची खोला किंवा पेडण्याची हरमल मिरची रंग आणि चव छान देते, फळाचा वास देत नाही. स्कॉच बॉनेटच्याच कुळातली ईशान्येकडची भूत जोलोकिया तो वास देते, पण तिखटपणा दहा लाख स्कोव्हिलच्या घरात, म्हणून तिची पूड चिमटीभरच. अख्खी स्कॉच बॉनेट मिळालीच तर तिकडच्या बायकांची युक्ती वापरावी: मिरची न चिरता, देठासकट रसात सोडायची आणि फुटायच्या आत अलगद काढायची. मिरचीचं कॅप्सायसिन बियांत नव्हे, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतं. साल अखंड असेल तर गाभा आत बंद राहतो, आणि सुगंध बाहेर येतो.

कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, चरबीत विरघळतं. त्यामुळे क्रीमच्या सॉसमध्ये तिखट आधी लपतं आणि मागाहून घशाशी येतं. चव घेऊन ‘कमीच आहे’ म्हणून लगेच आणखी पूड टाकली की पाहुण्यांचे डोळे पाणावणार हे नक्की. चव घेतल्यावर मिनिटभर थांबा. शिवाय जिभेवरचा टीआरपीव्ही१ हा संवेदक कॅप्सायसिनने उघडतो तसाच ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही उघडतो. (त्याच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.) म्हणून कढईतून थेट चाखलेला सॉस ताटातल्यापेक्षा जहाल लागतो; बशीत काढून, थोडा निवल्यावर ठरवावं. मिरची चिरलेल्या हातांना आधी तेल चोळावं, मग साबण. नुसत्या पाण्याने आग पसरते.

आता मासळी. सालीसकट ६०० ग्रॅम सुंगटं घेतली तर सोलून निम्मी उरतात. डोकी आणि साली फेकू नयेत. एक मोठा चमचा तेलात त्या लालभडक होईपर्यंत परताव्यात. कच्च्या सुंगटांचा करडा रंग हा ॲस्टाझँथिन नावाच्या लाल द्रव्याला प्रथिनाने धरून ठेवल्यामुळे असतो. उष्णतेने प्रथिन उलगडलं की लाल रंग सुटतो आणि तेलात उतरतो. पाण्यात नुसत्या उकळल्या तर तो रंग सॉसपर्यंत पोचत नाही. परतल्यावर ४०० मिलिलिटर पाणी, २० मिनिटं, आणि गाळून घ्यायचं.

सोललेल्या सुंगटांना अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावं. सोड्यामुळे मांसाचा पीएच चढतो, प्रथिनं आवळताना पाणी कमी सोडतात आणि दाताखाली कुरकुरीतपणा येतो. मग धुऊन, फडक्याने अगदी कोरडी करून, निम्मा मसाला चोळावा. फडक्याचं काम टाळू नका. ओलं सुंगट कढईत पडलं की सगळी आच पाणी उडवण्यात जाते, पृष्ठभाग १०० अंशांच्या वर चढतच नाही आणि भाजल्याचा खरपूस वास येत नाही. मोठ्या आचेवर, एकाच थरात, एका बाजूला मिनिटभर, दुसऱ्या बाजूला त्याहून थोडं कमी. बघायचं ते डोक्याच्या बाजूच्या जाड टोकाकडे: काळा धागा काढताना पाठीवर दिलेली चीर उघडते, आत अजून काचेसारखी बारीक रेघ दिसत असतानाच बाहेर काढायचं. उरलेलं शिजणं स्वतःच्या उष्णतेवर होतं. शेपूट डोक्याला टेकून गोल कडं झालं की वेळ गेली. मायोसिन हे प्रथिन ५० अंशांच्या आसपास घट्ट होतं, तिथवर मांस रसाळ असतं. ७० च्या पुढे ॲक्टिनही आवळतं आणि सगळं पाणी पिळून निघतं.

माणक्यो (स्क्विड) घेतल्या तर २०० ग्रॅम, पाव इंचाच्या चकत्या, तापलेल्या कढईत जेमतेम एक मिनिट. दोन मिनिटांच्या पुढे कोलॅजन आकसून त्या रबर होतात, आणि मग पुन्हा मऊ व्हायला तीस-चाळीस मिनिटं लागतात. मधली कुठलीही वेळ वाईट. तिसऱ्यो (शिंपल्या) डझनभर पुरेत: लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून तासभर वाळू सोडू द्यावी, मग झाकणाखाली तीन-चार मिनिटांत उघडतात. न उघडलेल्या टाकून द्याव्यात. त्यांचं पाणी खारट आणि सक्सिनिक आम्लामुळे भरपूर चवीचं असतं. गाळून सालींच्या पाण्यात मिसळावं आणि सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी पाहावं. इसवण (सुरमई) घालायची तर इंचाचे तुकडे, तळून वेगळे, आणि वर ठेवायचे. ढवळले की चुरा होतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात गोठवलेली सुंगटं जास्त. त्यातली बरीचशी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेली असतात. ती फ्रिजमध्ये चाळणीवर रात्रभर वितळू द्यावीत, आणि सोडा लावू नये, नाहीतर साबणासारखी बुळबुळीत लागतात.

पास्ता ३२० ग्रॅम, पेन्ने किंवा फुझिली. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं असावं. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. मैद्याच्या पास्त्यात प्रथिनांची जाळी कच्ची असते, स्टार्चचे कण फुगून बाहेर पडतात आणि खळ तयार होते. अडीच लिटर उकळत्या पाण्यात २० ग्रॅम मीठ, आणि पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी. पाण्यात तेल घालण्याचा काही उपयोग नाही, ते वरच तरंगतं. पास्ता धुवायचाही नाही. गाळण्याआधी दोन वाट्या पाणी काढून ठेवा. त्यात उतरलेला स्टार्च सॉसला दाटपणा देतो, आणि दाट द्रवात तेलाचे थेंब सहजासहजी एकमेकांना भेटत नाहीत.

यापुढचा क्रम महत्त्वाचा. जोराने उकळायचं ते सगळं नारळाचा रस पडायच्या आधी. सुंगटं भाजलेल्या त्याच कढईत दोन चमचे तेल आणि एक चमचा लोणी, एक बारीक चिरलेला कांदा, मग ढोबळी मिरचीचे काप मोठ्या आचेवर दोन मिनिटं. काप बाजूला काढावेत. उरलेला मसाला मिरचीच्या पुडीसह मिनिटभर परतावा म्हणजे युजेनॉल आणि कॅप्सायसिन तेलात उतरतं. साली-तिसऱ्यांचं २५० मिलिलिटर पाणी घालून निम्मं होईतो खळखळा उकळावं. काही जणांना इथे फेणीचा झटका द्यावासा वाटतो. काजूची फेणी सगळ्या मसाल्यावर स्वार होते, ती ग्लासातच बरी.

आता गॅस अगदी बारीक. नारळाचा दाट रस २०० मिलिलिटर, क्रीम १००, किसलेला चीज क्यूब. कडेला बारीक बुडबुडे चालतील, मध्ये उकळी नको. टेट्रापॅकमधल्या रसात गवार डिंकासारखे स्थिरक असतात, तो थोडा जास्त सोसतो. ताजा सोसत नाही, पण चवीला ताज्याला तोड नाही. पास्ता आणि त्याचं अर्धी वाटी पाणी घालून दोन मिनिटं हलवत राहायचं. सॉस हवा त्यापेक्षा जरा पातळच दिसला पाहिजे, कारण ताटात जाईपर्यंत पास्ता आणखी पाणी पितो. गॅस बंद करून ढोबळी आणि मासळी मिसळावी, मिनिटभराने दोन चमचे लिंबाचा रस, वर पानओव्याची चिरलेली पानं. सोलं (आमसुलं) किंवा टोमॅटो यात नकोतच. ताटातला सॉस पुसायला पोय (गोव्याचा पाव) असली तर उत्तम.

तरीही फुटलाच तर आधी नीट बघा. वर नुसती तेलाची चकाकती वर्तुळं असतील आणि खालचा द्रव गुळगुळीत असेल तर फक्त चरबी वेगळी झाली आहे: आचेवरून उतरवून पास्त्याचं तीन-चार चमचे गरम पाणी घाला, जोरात हलवा, बहुतेक वेळा पुन्हा जुळतो. चमच्याच्या पाठीवर रव्यासारखी कणी दिसली तर केसीन गोठलं आहे, ते परत फिरत नाही. सॉस गाळून, मिक्सरमध्ये फिरवून, चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला, कणी जाणवणार नाही इतपत सावरतं.

उरलेला पास्ता गोव्याच्या हवेत तासाभराच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, मासळी बाजूला काढून. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सॉस थिजलेला दिसतो. तो बिघडलेला नसतो. दोन-तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर हलवत गरम करावा, आणि सुंगटं शेवटच्या अर्ध्या मिनिटात, वाफ येण्यापुरतीच.