तारायंत्राची कळ पारखताना

जुन्या तारायंत्राची कळ, म्हणजे टिंब-रेघांत संदेश पाठवताना दाबायची तरफ, विकत घेणारा नवखा संग्राहक आधी पितळेची झळाळी पाहतो. मुरलेला संग्राहक मात्र ती उलटसुलट करून तारा जोडण्याचे स्क्रू मोजतो. ती कळ कोणत्या पद्धतीच्या विद्युत परिपथात बसत होती, हे त्या स्क्रूंवरून बहुधा समजते.

अमेरिकेतील तारमार्ग बंद परिपथावर चालत. येथे बंद म्हणजे थांबलेला नव्हे, तर अखंड जोडलेला. मार्गावरची सारी तारघरे एकाच तारेत मण्यांसारखी ओवलेली असत आणि कोणी संदेश पाठवत नसतानाही तारेतून वीज वाहत राही. त्यामुळे तिथल्या कळीला दोनच जोड असतात आणि बाजूला एक छोटा सरकता खटका असतो. आपला संदेश संपला की तो खटका सरकवून परिपथ पुन्हा जोडायचा. एखादा तारमास्तर हे विसरला, तर सगळा मार्ग मुका होई. ब्रिटन आणि युरोपात प्रामुख्याने खुला परिपथ वापरत. तेथे न दाबलेली कळ मार्गाची तार संदेश घेणाऱ्या यंत्राला जोडून ठेवी आणि दाबताच तीच तार बॅटरीला जोडली जाई. या अदलाबदलीसाठी तिसरा जोड लागतो, खटका मात्र लागत नाही.

अमेरिकी कळींमध्ये न्यूयॉर्कच्या बनेल कंपनीची, १८८१ च्या पेटंटची पोलादी कळ विशेष प्रिय आहे. आधीच्या कळींत पितळी तरफेत पोलादी आस बसवलेला असे आणि वापराने तो सैल होई. बनेलने तरफ आणि आस पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवले. अशा कळीच्या जोडबिंदूंना पॉलिश पेपर लावण्याचा मोह मात्र आवरावा. परिपथ तुटताच संदेश घेणाऱ्या यंत्राच्या विद्युतचुंबकातले चुंबकीय क्षेत्र ओसरते आणि त्यातून निर्माण झालेल्या विद्युतदाबाने जोडबिंदूंमध्ये ठिणगी उडते. ती सोसण्यासाठी तेथे अनेकदा प्लॅटिनम वापरलेले असते, आणि घासून गेलेले प्लॅटिनम परत येत नाही.

आपल्याकडे ज्याला ‘कडकट्ट’ म्हणत, तो आवाज कळीचा नव्हे, तर प्रामुख्याने साउंडरचा, म्हणजे आलेला संदेश ठोक्यांनी ऐकवणाऱ्या यंत्राचा. विद्युतचुंबकाने लोखंडी पट्टी खाली खेचली की एक ठोका पडतो, सोडली की दुसरा, आणि या दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून टिंब की रेघ हे कान ठरवतो. साउंडर पारखण्यासाठी मल्टिमीटर पुरतो. वेटोळ्याचा रोध ४ ओहमच्या आसपास असेल, तर तो तारघरातल्याच बॅटरीवर चालणारा स्थानिक साउंडर. २० ओहम असेल, तर थेट मार्गावर जोडण्याचा. लांब मार्गावर तारेचाच रोध मोठा असल्याने प्रवाह क्षीण होई, आणि थोड्या प्रवाहातून पुरेसे चुंबकत्व मिळवायचे तर बारीक तारेचे पुष्कळ वेढे द्यावे लागतात. म्हणून अशा मार्गावर सुमारे १५० ओहमचा नाजूक रिले बसवत; तो स्वतः जेमतेम टिकटिके, पण स्थानिक परिपथ जोडून-तोडून ४ ओहमच्या साउंडरला खणखणीत वाजवी.

तोही ठोका गजबजलेल्या तारघरात पुरत नसे, तेव्हा अमेरिकी तारमास्तर साउंडरमागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचत. असा डबा साउंडरसोबत मिळाला, तर तो गंजका म्हणून फेकू नये.