पँगाँगचं पाणी खारट कशाने झालं?

लडाखपासून तिबेटपर्यंत पसरलेलं पँगाँग त्सो हे सरोवर सुमारे ४,२५० मीटर उंचीवर आहे. लांबी जवळपास १३४ किलोमीटर, रुंदी मात्र जास्तीत जास्त पाच-सहा. नकाशात ते नदीच्या खोऱ्यासारखं दिसतं, आणि एके काळी ते खरंच वाहतं होतं. पश्चिम टोकाला लुकुंगजवळून पाणी बाहेर पडायचं आणि टांगत्सेवरून श्योक नदीला, तिथून सिंधूला मिळायचं.

ही वाट बंद कशी झाली? ब्रिटिश भूवैज्ञानिक फ्रेडरिक ड्रू यांनी १८७५ साली बाजूच्या नाल्यांनी आणून टाकलेल्या गाळाकडे बोट दाखवलं. १९०६ मध्ये अमेरिकन भूगोलतज्ज्ञ एल्सवर्थ हंटिंग्टन यांनी हिमनदीने कोरलेल्या खोलगट भागावर भर दिला. दोन्ही गोष्टींचा हात असणं अगदी शक्य आहे. परिणाम मात्र एकच: पाण्याला आता बाहेर पडायला फक्त बाष्पीभवन उरलं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणूनच पश्चिमेकडचं पाणी खारट आहे, तर पूर्वेकडे, जिथे ओढे-नद्या मिळतात, तिथे ते बरंच गोडं आहे.

जुन्या पातळ्यांच्या खुणा काठावरच्या उतारांवर पायऱ्यांसारख्या दिसतात. पण प्रत्येक पायरी सरोवराचीच असते असं नाही. नदीची पायरी प्रवाहाच्या दिशेने उतरत जाते. सरोवराची दोन्ही काठांवर एकाच उंचीला सापडते. त्यामुळे एकाच जागी उंची मोजून निष्कर्ष काढला की हमखास फसगत होते.

सरोवर एके काळी वाहतं होतं याचा खरा पुरावा पांढुरक्या मातीच्या थरांत आहे. त्यात नखाएवढे, बोटांत चुरडतील असे नाजूक शंख मिळतात. ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत, म्हणजे तेव्हा इथलं पाणी आजच्याइतकं खारट नव्हतं.

या शंखांचं वय कार्बन-१४ वरून, म्हणजे काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काढतात, आणि इथेच एक अडचण येते. चुनखडीतून विरघळून आलेला जुना कार्बन गोगलगाय शंखात वापरते. त्या कार्बनमधलं कार्बन-१४ केव्हाच संपलेलं असतं, त्यामुळे शंख प्रत्यक्षाहून जुना भासतो. म्हणून त्याच पाण्यातल्या आजच्या वनस्पतीचंही वय मोजतात. तिचं वय समजा हजार वर्षं निघालं, तर शंखाच्या वयातून तेवढी वर्षं वजा करायची. अर्थात ही दुरुस्तीसुद्धा अंदाजाचीच: सरोवर वाहतं होतं तेव्हा पाण्यातलं जुन्या कार्बनचं प्रमाण आजच्याएवढंच असेल, असं धरून चालता येत नाही. त्याच थरात काठावरून वाहून आलेली काडी किंवा बी मिळालं तर ते आधी तपासावं, कारण जमिनीवरच्या झाडाने कार्बन थेट हवेतून घेतलेला असतो.