सिव्हिलला जाण्याआधी शाळेत जा: मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी खान्देशातल्या पालकांनी काय करावं

"यान्हा बाप बी उशीरच बोलना व्हता," असं आजी म्हणते आणि पोराची दोन-तीन वर्षं तशीच निघून जातात. पुढे पहिलीत बाई सांगतात की हा हाक मारली तरी बघत नाही. मग घरचे घाईघाईने सिव्हिल गाठतात, हातात फक्त आधार कार्ड. डॉक्टरांसमोर मूल थोडाच वेळ असतं, त्यातही नवीन जागेत बावरून गप्प होतं. तेवढ्यावरून त्याचं वर्गातलं आणि घरातलं वागणं डॉक्टरांना कसं कळणार? ते आई आणि शिक्षकांनीच कागदावर आणून द्यावं लागतं.

कोणाला मिळतं?
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यातलेच. अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, या यादीत स्वतंत्रपणे नाही. पण अशा काही मुलांना वाचन-लेखनाचीही अडचण असते, म्हणून 'यादीत नाही' असं ऐकून परत फिरू नका, अध्ययन अक्षमतेची तपासणी मागा. ती साधारण आठ वर्षं वय किंवा तिसरीनंतर होते. बऱ्याच योजनांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

शाळेचं पत्र
अर्जाचं सरकारी पोर्टल हे पत्र मागत नाही, तरी सगळ्यात मोलाचा कागद हाच असं मला वाटतं. वर्गशिक्षकांनी साध्या मराठीत लिहावं: मूल काय एकट्याने करतं, कुठे अडतं, कधीपासून, गोंगाटात काय होतं, डबा कोणासोबत खातं. सोबत वहीच्या चार-पाच पानांची झेरॉक्स जोडावी. काना-मात्रा गळणं, जोडाक्षरं उलटी पडणं तिथे दिसतं. आणि घरची भाषा नक्की लिहावी. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी पावरी किंवा भिली, नवापूरकडे मावची, बाकी बऱ्याच घरांत अहिराणी. शाळेची मराठी अजून अंगवळणी पडलेली नसेल, तर तो भाषेचा प्रश्न आहे, अक्षमता नव्हे. हा फरक सांगितला नाही तर निदान चुकू शकतं.

घरच्यांनी लसीकरणाचं कार्ड, बाळंतपणाचे कागद, जुनी औषधं आणि मोबाईलवरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ न्यावेत. कान आणि डोळे आधी तपासून घ्या. ऐकू कमी येणारं मूलही हाकेला ओ देत नाही.

अर्ज
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल हजर ठेवा. पथक पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतं. प्रमाणपत्राचा अर्ज मात्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, स्वतः किंवा सेतू केंद्रातून. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि पालकाची ओळख लागते. आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडा, नोंदणी क्रमांक जपून ठेवा आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या वारी बसतं ते विचारूनच निघा. शिरपूर-रावेरहून मजुरी बुडवून येणाऱ्याला एक फुकट खेप फार महागात पडते. तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. कार्डाचा रंग असा: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि पुढे निळं. टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

हाती आल्यावर
एक प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची भेट मागा. खरं तर मुलाला पुढच्या बाकावर बसवणं किंवा तोंडी उत्तर घेणं यासाठी शाळेने प्रमाणपत्राची वाटही बघू नये. 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपये, वर्षातले दहा महिने, प्रोत्साहन भत्ता मिळतो. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, तिच्यात एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच मंडळाखाली येतात. लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ अशा सवलती आहेत, पण कागद नववीतच तयार ठेवा. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल, तर त्यावरची मुदत आजच कॅलेंडरवर लिहा आणि वर्गशिक्षकांनाही सांगून ठेवा.