डबल चार्ज की जीव्हीटी? आधी टाइलची कड बघा

फ्लॅटचं काम निघालं की "आम्ही सगळीकडे व्हिट्रिफाइड टाकतोय" असं सांगितलं जातं, आणि निवड झाली असं समजून विषय तिथेच संपतो. खरी निवड तर त्यानंतर सुरू होते. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चकचकीत टाइल्स, दोन्हींच्या खोक्यावर व्हिट्रिफाइड लिहिलेलं, भावात फारसा फरक नाही. पण पाच-सात वर्षं वापरल्यावर त्या दोन अगदी वेगळ्या दिसतात. एक डबल चार्ज असते, दुसरी जीव्हीटी, म्हणजे ग्लेज्ड व्हिट्रिफाइड.

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइडमधला फरक बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो एका वाक्यात: सिरॅमिक पाणी शोषते, व्हिट्रिफाइड ०.५ टक्क्याच्या वर शोषत नाही, त्यामुळे पहिली भिंतीला बरी आणि दुसरी जमिनीला. डबल चार्ज आणि जीव्हीटी या दोन्ही पाणी न शोषणाऱ्याच. म्हणून टाइलच्या मागच्या बाजूला पाणी टाकून "बघा, ओढत नाही" असं दाखवणाऱ्या विक्रेत्याने या दोन्हींमधला फरक सांगितलेलाच नसतो.

फरक आहे तो रंग किती खोल आहे याचा. डबल चार्जमध्ये साच्यात दोन वेळा माल भरतात: खाली साधी माती, वर रंग मिसळलेली. मग दोन्ही एकत्र दाबून भाजतात. दुरंगी बर्फीसारखे दोन थर एकजीव होतात आणि वरचा रंगीत थर साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो. जीव्हीटीत टाइलच्या अंगावर डिजिटल छपाई होते, तिच्यासोबत ग्लेझचा म्हणजे काचेसारखा लेप बसतो आणि मग ती भट्टीत जाते. छपाई आणि लेप मिळून १ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. हाच लेप घासून चमकवला की तिला पीजीव्हीटी म्हणतात. लोक फसतात ते नेमके इथे, कारण पीजीव्हीटी डबल चार्जपेक्षाही जास्त चमकते आणि चमक जास्त म्हणजे टाइल टणक, असं सरळ गृहीत धरलं जातं. चमक पॉलिशची असते. तिचा टणकपणाशी संबंध नाही.

ओळखायची कशी? टाइल उभी करा आणि कड बघा. वरून तीन-चार मिलिमीटरचा वेगळ्या रंगाचा जाड पट्टा दिसला तर डबल चार्ज. सगळी कड एकाच मातकट रंगाची आणि वर फक्त कागदाएवढी रेघ असेल तर जीव्हीटी. नक्षीवरूनही अंदाज येतो. एकाच टाइलवर इटालियन मार्बलच्या बारीक शिरा, लाकडाच्या गाठी किंवा मोरोक्कन फुलं असतील तर ती छपाईच आहे. डबल चार्जला एवढी नक्षी जमत नाही. तिथे ठिपके, ढगाळ छटा आणि साधे पट्टे एवढंच मिळतं. कित्येक जण याच कारणाने ती नाकारतात. दिवाणखान्यासाठी मी मात्र तीच घ्यायला सांगेन.

कारण फरशीचा खरा शत्रू पाणी नसून चपलेबरोबर आत येणारी वाळू आहे. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर ७ वर आहे आणि पॉलिश केलेलं ग्लेझ बहुतेक वेळा त्याहून मऊ असतं. दारापासून सोफ्यापर्यंतची वाट आणि जेवणाच्या खुर्च्यांखालची जागा आधी मंद पडते ती यामुळेच. चरे डबल चार्जवरही पडतात, पण खाली तोच रंग असतो, म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. हातातून खलबत्ता पडून टवका उडाला तर फरक आणखी स्पष्ट होतो. गडद लाकडी छपाईच्या जीव्हीटीवर पांढुरका खड्डा कायमचा दिसत राहतो. हॉलमध्ये जीव्हीटीच हवी असेल तर पीईआय ग्रेड विचारा आणि ४ च्या खाली जाऊ नका. ही ग्रेड ग्लेझची झीज मोजते. डबल चार्जला ती लागूच नाही, तरीही "आमच्या डबल चार्जला पीईआय ५ आहे" असं ठासून सांगितलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

म्हणजे घरभर डबल चार्ज टाकावी का? नाही. तिची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पॉलिश करताना तिच्या पृष्ठभागातली अतिसूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. ती बुजवायला कारखान्यात नॅनो लेप देतात, पण हा लेप वापराने झिजतो आणि मग हळद, चहा, मार्करची शाई आत मुरते. ग्लेझला छिद्रं नसतात, डाग वरच्या वर पुसला जातो. म्हणून स्वयंपाकघरात माझी पसंती मॅट जीव्हीटीला. ओल्या जागेत तर चकचकीत काहीच नको, मग ती कितीही भारी टाइल असो. न्हाणीघर, बाल्कनी आणि कोकणातल्या घराची पडवी इथे आर१० (न घसरण्याची ग्रेड, आकडा जास्त तितकी पकड जास्त) किंवा त्याहून जास्त पकड असलेली खरखरीत टाइलच घ्या. पावसाळ्यात दमट हवेने फरशीला घाम येतो आणि घरातली म्हातारी माणसं घसरतात. तिथे सौंदर्याचा विचार करायचाच कशाला?

साइजबद्दल फार खल नको. दोन बाय दोन की दोन बाय चार हे खोली बघून ठरतं. बसवण्याचं मात्र गवंड्यावर सोडू नका. दोन्ही टाइल्स पाणी शोषत नाहीत, त्यामुळे साध्या सिमेंटच्या मालावर पकड कमी मिळते. टाइल ॲडहेसिव्ह वापरा, तोही कोपऱ्यांत पाच गोळे न ठेवता दातेरी थापीने पूर्ण पसरून, आणि सांध्यात २ मिलिमीटरचे स्पेसर घाला. सांधा न सोडता चिकटवलेली फरशी उन्हाळ्यात फुगून उचलली जाऊ शकते.

बिलावर नुसतं "व्हिट्रिफाइड" लिहून घेऊ नका. डबल चार्ज की जीव्हीटी, जाडी किती आणि शेड व बॅच नंबर कोणता, हे सगळं लिहायला लावा. माल उतरला की प्रत्येक खोक्यावरचा बॅच नंबर बिलाशी ताडून बघा, आणि तो जुळत नसेल तर पहिली टाइल बसायच्या आधी खोका परत पाठवा.