हॉटेल, खानावळ, लॉजचा ‘गुमास्ता’: साताऱ्यात कागद नेमके कुठे अडतात

कास रस्त्याला किंवा हायवेलगत हॉटेल टाकणारा माणूस कागदांची पिशवी घेऊन येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “गुमास्ता कधी निघेल?” निघाला की दुसरा, “म्हणजे आता सगळं झालं ना?”

झालेलं नसतं. तुमच्याकडे माणसं कामाला आहेत, त्यांचे तास, सुट्ट्या, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे राहतील, याची कामगार खात्याकडे केलेली नोंद म्हणजे गुमास्ता. जागा कायदेशीर आहे का, भटारखाना स्वच्छ आहे का, रात्री आग लागली तर वरच्या मजल्यावरचे पाहुणे कुठून उतरणार, यातलं काहीही तो कागद सांगत नाही. पण तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज मिळतो, म्हणून लोक तोच फ्रेम करून गल्ल्यामागे लावतात आणि बाकीचं विसरतात. मग बँक, अन्न परवाना किंवा वीज जोडणीच्या टप्प्यावर अर्ज परत येतो आणि शिव्या कामगार खात्याला बसतात.

सूचना की नोंदणी

१९४८ चा जुना कायदा गेला. १९ डिसेंबर २०१७ पासून ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ लागू आहे. निवासी हॉटेल, उपाहारगृह, खानावळ सगळं यात येतं. या कायद्यात मूळ मर्यादा दहा कामगारांची होती: दहापेक्षा कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, दहा किंवा जास्त असतील तर रीतसर नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यायचं. २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून ही मर्यादा वीसवर नेली. नेटवरची बहुतेक माहिती अजून दहाचीच आहे, शेजाऱ्याचा सल्लाही दहाचाच असतो. ते वाचून पंधरा माणसांचं हॉटेल नोंदणीच्या मागे धावतं आणि एजंट त्याचे हजारांत पैसे घेतो. सूचनेला सरकारी शुल्क नाही, पोर्टलचं किरकोळ सेवाशुल्क सोडलं तर.

माणसं मोजताना मात्र प्रामाणिक राहा. ठेकेदारामार्फत आलेले वेटर, भांडी घासणाऱ्या बाया, रात्रीचा वॉचमन सगळे मोजले जातात. “ती ठेकेदाराची माणसं आहेत” हे उत्तर चालत नाही. महाबळेश्वरला मे महिन्यात आणि कासला फुलांच्या हंगामात माणसं वाढतात. संख्या मर्यादेच्या वर गेली तर सूचनेची पावती पुरत नाही, नोंदणी करावी लागते.

मुदत साठ दिवसांची आहे, आणि इथे दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. काहींना वाटतं, साठ दिवस कायदा आपल्याला लागूच नाही. काही जण स्लॅब पडायच्या आतच अर्ज भरतात, कारण बँकेने मागितलाय. साठ दिवस व्यवसाय सुरू झाल्यापासून मोजायचे. अर्जात ‘व्यवसाय सुरू झाल्याचा दिनांक’ टाकाल तोच जीएसटी, अन्न परवाना आणि बँकेच्या फॉर्मवर टाका. एकीकडे वास्तुशांतीची तारीख, दुसरीकडे उद्घाटनाची, तिसरीकडे पाडव्याची, असे फॉर्म आले की तपासणारा माणूस थांबतोच. जागा बदलली, भागीदार आला-गेला, हॉटेल बंद केलं तर तेही तीस दिवसांत कळवायचं असतं. बंद केल्याचं कोणी कळवत नाही, आणि पुढे त्याच जागेत दुसऱ्याचा अर्ज आला की जुनं नाव वर येतं.

सूचनेची पावती मिनिटांत येते आणि तिथेच फसगत होते. ती देताना तुमचे कागद कोणी तपासलेले नसतात. खोटी माहिती दिली असेल तर जबाबदारी स्वयंघोषणापत्रावर सही करणाऱ्याची, भरून देणाऱ्या पोराची नव्हे. कायदा मोडल्यास दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

पाटीचा फोटो

अर्जासोबत हॉटेलचा पाटीसह फोटो लागतो. पाटीवरचं नाव मराठीत, देवनागरीत हवं, आणि इतर भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे लहान-मोठ्या सगळ्या आस्थापनांना लागू आहे. वर इंग्रजीत भलंमोठं ‘रेस्टॉरंट अँड लॉजिंग’ आणि खाली कोपऱ्यात बारीक मराठी, अशा पाटीचा फोटो पाठवू नका. फ्लेक्स छापून झाल्यावर विचारायला येण्यापेक्षा आधी या.

याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या जिल्ह्यात फार जणांना अडचणीची ठरते. जिथे दारू विकली किंवा दिली जाते, त्या आस्थापनेला थोर पुरुषांचं, थोर महिलांचं किंवा गडकिल्ल्याचं नाव देता येत नाही. साताऱ्यात तर डोळ्यांसमोर अजिंक्यतारा, एका बाजूला सज्जनगड, पलीकडे प्रतापगड, वासोटा, कल्याणगड. प्रत्येकाला आपल्या हॉटेलाला गडाचं नाव हवं असतं. शाकाहारी जेवण आणि चहावर हॉटेल चालणार असेल तर खुशाल ठेवा. पुढे परमिट रूम काढायचा विचार मनात असेल तर आजच दुसरं नाव निवडा. नाव बदललं की पावती, अन्न परवाना, जीएसटी, बँक खातं, सगळीकडे दुरुस्तीचे अर्ज करावे लागतात.

जागेचा पुरावा: खरी अडचण

नोंदणी, बँक, अन्न परवाना, वीज जोडणी, सगळ्यात जास्त अर्ज इथे रखडतात. फॉर्ममध्ये एवढंच लिहिलेलं असतं, ‘जागेचा पुरावा’. आणि जिल्ह्यातली निम्मी घरं मुंबईत राहणाऱ्या चुलत्यांच्या सामाईक नावावर.

जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली परिस्थिती ठरलेली. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वारस नोंद केलेली नाही, आत्यांची नावं कुठेच नाहीत. घर नातू चालवतो, हॉटेल त्याने काढलंय, पण कागदावर त्याचा त्या जागेशी संबंध नाही. यावर शॉर्टकट नाही. आधी वारस नोंद. ती ई-हक्क पोर्टलवरून करता येते, पण नोटिशीचे पंधरा दिवस जातातच, आणि कोणी हरकत घेतली तर मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी. म्हणून हॉटेलचा विचार डोक्यात आला त्याच आठवड्यात वारस नोंदीचा अर्ज टाका. नोंद झाल्यावर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतिपत्र घ्या. चुलते गणपतीला गावी येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा, नंतर फोनवर “बघू” ऐकावं लागतं.

दुसरी गल्लत उताऱ्यांची. ‘आठ’ म्हटलं की लोक हाताला लागेल तो कागद आणतात. तलाठ्याकडचा ८-अ हा खाते उतारा: तुमच्या खात्यावर किती जमीन आहे ते तो सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा: घर, त्याचं बांधकाम, त्यावरची घरपट्टी. हॉटेलच्या इमारतीसाठी सहसा दुसरा लागतो, आणि येतो पहिला. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढलाय. ज्याच्या दप्तरी घरपट्टी भरता, त्याच्याकडचा नमुना ८ आणा, आणि त्यावर ‘राहते घर’ लिहिलंय का तेही पाहा. राहत्या घराच्या उताऱ्यावर बारा खोल्यांचा लॉज दाखवला तर कोणीही विचारणारच.

भाड्याची जागा असेल तर नोटरी केलेला स्टॅम्पपेपरवरचा करार आणू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मालकाला शांतपणे सांगा, बहुतेकदा तो तयार होतो. खर्चही काही भयंकर नाही: एकूण भाड्याच्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, नोंदणी फी नगरपालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. करारात जागेचा वापर ‘हॉटेल व्यवसायासाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या. ‘वाणिज्य वापर’ एवढ्यावर भागत नाही असं म्हणणारे टेबलाच्या पलीकडे भेटतात.

शेतात शेड मारून हॉटेल सुरू केलेल्यांना सगळ्यात आधी बिनशेतीचा प्रश्न. त्यावर गुमास्त्याची पावती काही करू शकत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर तर केंद्र सरकारच्या १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे जमिनीचा वापर बदलणं, झाड तोडणं, बांधकाम, सगळ्यावर जास्तीची बंधनं आहेत. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या रस्त्याला “सगळेच बांधतायत” हे ऐकून पैसे घालू नका. पाडकामाची नोटीस आली की ज्यांनी सल्ला दिला ते फोन उचलत नाहीत.

शेती खरोखर करत असाल आणि पाहुण्यांना तीच दाखवायची असेल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरण बघा. किमान एक एकर शेती, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, सुरुवातीला अडीच हजार शुल्क, दर पाच वर्षांनी एक हजारात नूतनीकरण. आपल्याला अर्ज पुणे विभागीय कार्यालयाकडे करावा लागतो. पण ते प्रमाणपत्र म्हणजे स्विमिंग पूल आणि डीजेसकट रिसॉर्ट बांधायची मुभा नव्हे. बायकांच्या नावावर व्यवसाय असेल तर पर्यटन खात्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणातून पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, साडेचार लाखांच्या मर्यादेत, परत मिळू शकतं. इथे वाचताना चूक होते ती अशी, की लोक ते अनुदान समजून संचालनालयाकडे पैसे मागायला जातात. कर्ज बँक देते, हप्ते तुम्हीच वेळेवर भरायचे, व्याज नंतर परत येतं. आणि व्यवसाय खरोखर बाईने चालवायला हवा, निम्म्या कर्मचारी महिला हव्यात. नावापुरती बायको आणि गल्ल्यावर नवरा असेल तर वेळ घालवू नका.

आग, दारू आणि रात्रीचे तास

राहण्याची सोय असलेल्या हॉटेलला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू होतो. यंत्रणा बसवली की एकदा प्रमाणपत्र घेतात आणि लोक सुटकेचा श्वास टाकतात. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र ‘नमुना ब’ वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं, आणि ते राज्य अग्निशमन सेवेचा परवाना असलेल्या एजन्सीकडूनच. लाल नळकांड्या विकणारा दुकानदार एजन्सी असतोच असं नाही. आधी त्याच्या परवान्याची प्रत मागा. देत नसेल तर पुढचं दुकान.

अन्न परवाना केंद्राच्या कायद्याखाली, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर, टपरीला सुद्धा. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची (पूर्वीचा ‘फॉर्म सी’), पाचगणी-महाबळेश्वरवाल्यांनी विशेष लक्षात ठेवा.

दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याचा, त्याचा मार्ग पूर्ण वेगळा. तो मिळाल्यावरही गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होऊ शकतं आणि ते विरोधात गेलं तर परवाना जातो. गावाच्या मनाविरुद्ध परमिट रूम काढणाऱ्याने हे आधीच हिशेबात धरावं.

२०१७ च्या कायद्याने हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने पुन्हा निर्णय काढून तेच स्पष्ट केलं, कारण खाली कोणी ऐकत नव्हतं. दारू देणाऱ्या ठिकाणांना ही मुभा नाही. त्या शासन निर्णयाची छापील प्रत गल्ल्यात ठेवा. साडेअकराला पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली तर वाद न घालता ती दाखवा. रात्री उघडं ठेवणार असाल तर महिला कर्मचाऱ्यांना साडेनऊनंतर थांबवायला त्यांची संमती लागते, आणि त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था मालकाची.

अर्ज फेटाळला तर

तोंडी “होत नाही” ऐकून घरी येऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरलेली असते, आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. नकारानंतर किंवा मुदत उलटल्यावर तीस दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील, शेवटी सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण अपील दाखल झालं की फाइल सापडते, हे कितीदा तरी पाहिलंय. अपिलासाठी अर्जाचा पोचक्रमांक लागतो. एजंटाने स्वतःच्या मोबाइल नंबरवर अर्ज भरला असेल तर ओटीपी, नकाराचा संदेश, त्रुटीची सूचना सगळं त्याच्याकडे जातं आणि तुमचे तीस दिवस त्याच्या फोनमध्ये संपतात. अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्या, आणि लॉगिनचा पासवर्ड त्याच्या वहीत नको, तुमच्या वहीत लिहून ठेवा.